उत्तर कुणाला द्यायचे?

वैराग हे बार्शी तालुक्यातले बाजाराचे गाव, सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे. आज इथून तुळजापूरला किंवा धाराशिवला निघालेल्या माणसाचा फक्त जिल्हा बदलतो. १९४८ पर्यंत राज्य बदलत असे. बार्शी तालुका इंग्रजांचा आणि पूर्वेचा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. दक्षिणेला सोलापूर, गिरण्यांचे शहर, तेही इंग्रजी अंमलाखालचे. नैर्ऋत्येला सांगोल्याच्या पलीकडे आटपाडीचा भाग, तो औंध संस्थानात. वैरागच्या माणसाने काही दिवस बैलगाडी हाकली की त्याला तीन निराळे धनी भेटत. त्या तिघांच्या सत्ता चालवण्याच्या रीती इतक्या वेगळ्या होत्या, की संविधान कशासाठी असते हे समजून घ्यायला याहून चांगला नकाशा शोधून सापडणार नाही.

सरकारच्या सत्तेला मर्यादा कशा घालतात आणि त्या मर्यादांमुळे माणसाचे स्वातंत्र्य कसे राखले जाते, हा या पुस्तकाचा विषय. मराठीत तो बहुतेक वेळा संविधान सभेपासून सुरू होतो, मग कलमे येतात, मग गाजलेले निकाल. परीक्षेला ते सोयीचे आहे. पण त्यातून वाचणाऱ्याच्या मनात एक समज घट्ट बसतो, की स्वातंत्र्य दिल्लीहून आले आणि ते सांभाळणेही दिल्लीचेच काम. तो समज मोडावा म्हणून मी आमच्याच मुलखापासून सुरुवात केली आहे.

आधी सोलापूर. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावला. अध्यक्ष होते माणिकचंद शहा. महिनाभराने, ५ मेच्या पहाटे, गांधीजींना अटक झाली आणि बातमी पोचताच शहर पेटले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहातून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण जागीच पडला. चवताळलेल्या जमावाने न्यायालयाची इमारत पेटवली आणि मंगळवार पेठेच्या चौकीतले दोन पोलीस मारले गेले. त्या दोघांचा जीव गेला हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण हुतात्म्यांच्या गोष्टी सांगताना आपण ते वाक्य गाळतो. त्यानंतर पोलीस शहराबाहेर गेले, तीन-चार दिवस स्वयंसेवकांनी रस्ते आणि रहदारी सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत, म्हणजे ४९ दिवस चालला.

या ४९ दिवसांत काय झाले ते बारकाईने पाहावे. व्हाइसरॉय आयर्विन यांनी सोलापूरसाठी एक वटहुकूम काढला. त्या वेळच्या भारत सरकार कायद्याच्या कलम ७२ ने गव्हर्नर जनरलला तसा अधिकार होता: कायदेमंडळाला न विचारता, एकट्याच्या सहीने, सहा महिने चालणारा कायदा. त्या सहीच्या आधाराने लष्करी अधिकाऱ्यांनी नियम केले, त्यांच्याच शिपायांनी नियम मोडणाऱ्यांना धरले आणि त्यांच्याच न्यायासनांनी शिक्षा ठोठावल्या. राष्ट्रध्वज लावला म्हणून तुरुंग. डोक्यावर गांधी टोपी दिसली की भर रस्त्यात उतरवायला लावत. सोलापूरच्या तुळशीदास जाधवांनी टोपी काढायला नकार दिल्याची हकिकत आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कालपरवापर्यंत होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. शहराने त्यांना कधी गुन्हेगार मानले नाही. चार हुतात्मा चौकातून जाणारा सोलापूरकर आजही मानत नाही.

शिक्षा कठोर होत्या की सौम्य, याहून मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नियम करणारा, पकडणारा आणि न्याय देणारा हे तिघेही एकाच साखळीतले होते. रस्त्यावर टोपी उतरवणाऱ्या सोजिराला कुणी जाब विचारायचाच म्हटला, तर तो विचारणार त्याचाच वरचा साहेब. त्या साहेबाच्या वर सेनापती, त्याच्या वर व्हाइसरॉय. या शिडीबाहेर उभा असलेला, ज्याला या शिडीवरच्या कुणी नेमलेले नाही आणि कुणी काढू शकत नाही, असा एकही माणूस त्या ४९ दिवसांत सोलापूरच्या रस्त्यावर नव्हता.

आता पूर्वेला वळू. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. त्या हुकमाला लोक ‘गश्ती निशान ५३’ म्हणत, आणि मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत तो आकडा अजून येतो. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच, १९३८ मध्ये, तिच्यावर बंदी आली. संघटना जन्मायच्या आत बेकायदा ठरली, आणि ते चूक आहे असे सांगायला जाण्यासाठी दरवाजाच नव्हता. पुढे लातूरच्या कासिम रझवी या वकिलाच्या हाती रझाकारांची संघटना गेली, गावे लुटली जाऊ लागली, आणि माणसे जीव मुठीत धरून सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे आली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजांनी ते राज्य संपवले.

आपल्याकडे ही गोष्ट इथे थांबते. ती थांबवू नये. फौजा आल्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला पाठवले. त्यांच्या अंदाजाने २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली होती, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव होते. आमच्या वेशीपलीकडचा जिल्हा. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. जुलमी राजा गेला, आपले सरकार आले, तरी आपल्या सरकारनेही जे घडले त्याचे उत्तर दिले नाही. सत्ता परक्याची होती म्हणून वाईट होती, एवढाच धडा आपण १९३० आणि १९४८ मधून घेतला असेल तर तो अर्धाच घेतला.

तिसरा धनी औंधचा. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये स्वतःहून आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन, राजपुत्र अप्पा पंत आणि गांधीजी यांच्या विचारविनिमयातून ती तयार झाली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींवर तालुक्याची सभा, तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ. राजाने किती पैसा स्वतःसाठी घ्यावा यालाही बंधन. एवढ्याशा संस्थानातला प्रयोग, नऊ वर्षांतच संस्थान विलीन झाले, म्हणून इतिहासाची पुस्तके त्याला दोन ओळींत आटोपतात. मला मात्र तो फार मोठा वाटतो. ज्याला कुणी भाग पाडले नव्हते त्या माणसाने स्वतःच्या हाताला स्वतः गाठ मारून घेतली, आणि गाठीचे दुसरे टोक प्रजेच्या हातात दिले.

या तीन राज्यांवरून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे आणि पुढची सगळी प्रकरणे तिच्यावर घासून पाहिली आहेत. सत्ता चालवणाऱ्याला आपल्या कृत्याचे कारण कुणाला तरी सांगावे लागते का? आणि ज्याला सांगावे लागते, त्याची नेमणूक, बदली, पगार, बडतर्फी त्याच सत्ताधाऱ्याच्या मुठीत आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर स्वातंत्र्य नाहीच. पहिल्याचे ‘हो’ आणि दुसऱ्याचेही ‘हो’ असेल, तर जे आहे ते फक्त कागदावर आहे. इंग्लंडच्या सरदारांनी १२१५ च्या जूनमध्ये राजा जॉनकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतली, आणि ऑगस्ट संपायच्या आत राजाने पोपकडून ती रद्द करवून घेतली. सनद होती, पण तिच्या मागे राजाला अडवील अशी टिकाऊ संस्था अजून उभी राहिली नव्हती. ती उभी करायला इंग्लंडला पुढची कित्येक शतके लागली.

आपल्याकडे या विषयावर बोलताना रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी खुद्द सत्तेवर आलेल्या रघुनाथरावाला दोषी धरले. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून आपल्याकडे रुळला आहे. त्या धैर्याला माझा नमस्कार. पण पुढे काय झाले तेही पाहावे: रामशास्त्री पुणे सोडून निघून गेले. रघुनाथरावाला गादीवरून हटवले ते बारभाईंच्या राजकारणाने, न्यायाधीशाच्या निकालाने नव्हे. निकाल देणारा माणूस उभा राहिला, पण निकाल अमलात आणील अशी व्यवस्था त्याच्या पाठीशी नव्हती. आपण अडीचशे वर्षे त्या माणसाचे गुणगान केले. त्याचे आसन बळकट करण्याचा विचार मात्र फार उशिरा सुरू झाला.

तो विचार २६ जानेवारी १९५० रोजी कायदा झाला. कलमांची चर्चा पुढे आहे, इथे एकच दाखवतो, कारण ते वैरागमध्ये रोज घडते. वैराग पोलीस ठाण्याने एखाद्याला अटक केली की कलम २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बार्शीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अटकेची कारणे त्याला सांगावी लागतात, नातेवाइकांना कळवावे लागते, वैद्यकीय तपासणी करावी लागते. कोर्टात पोलीस रिमांड मागतात, आणि त्याआधी न्यायाधीश आरोपीला एक साधा प्रश्न विचारतात: पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? बहुतेक जण मान हलवून ‘नाही’ म्हणतात. काही घाबरून म्हणतात हेही खरे. तरी त्या प्रश्नाची किंमत मोठी आहे. विचारणाऱ्याला ठाण्यातल्या साहेबाने नेमलेले नाही, ठाण्यातला साहेब त्याची बदली करू शकत नाही, आणि उत्तर ‘हो’ आले तर ते नोंदवून घ्यावे लागते. १९३० च्या सोलापुरात हा प्रश्न विचारणारे कुणी नव्हते.

त्याच कलमात एक भगदाडही आहे आणि ते झाकायचे कारण नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेला २४ तासांचा नियम लागू नाही. महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा, ज्याला वर्तमानपत्रे ‘एमपीडीए’ म्हणतात, त्याखाली माणसाला खटल्याशिवाय वर्षभर आत ठेवता येते. सोलापूरच्या बातम्यांत ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध’ आणि ‘दोन वर्षांसाठी तडीपार’ हे शब्द वाचून आपण पान उलटतो. अट इतकीच, की तीन महिन्यांहून जास्त ठेवायचे तर सल्लागार मंडळापुढे प्रकरण जावे लागते. त्या मंडळावर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची पात्रता असलेली माणसे असतात. गुंडांच्या त्रासाला कंटाळलेल्या पेठेला हा कायदा हवासा वाटतो हे मी समजू शकतो. पण गुन्हा घडायच्या आधी माणसाला कोंडण्याची सवय लागलेले सरकार उद्या कुणाला गुंड म्हणेल याची हमी कुठलीही पेठ देऊ शकत नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हे पुस्तक लिहायला घेतले त्याकडे येतो. मोरारजी गोकुळदास यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, सोलापूरकरांच्या तोंडी ‘जुनी गिरणी’. तिच्या भोंग्यावर अर्ध्या शहराचे घड्याळ चालत असे. ऑगस्ट १९४९ मध्ये मालकांनी गिरणी बंद केली. हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यांतले किती तरी बार्शी, मोहोळ, अक्कलकोटच्या खेड्यांतून आलेले, शेती पुरत नाही म्हणून गिरणीत शिरलेले. केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला आणि पुढे संसदेने त्याचा कायदा केला. जुने संचालक गेले, सरकारने नेमलेले आले, भागधारकांचा संचालक निवडण्याचा अधिकार गोठवला गेला. वटहुकमाची तारीख पाहा. संविधान लागू व्हायला अवघे १७ दिवस उरले होते.

चरणजितलाल चौधरी हे एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा सोपा होता: देशात इतक्या गिरण्या असताना एकट्या सोलापूरच्या गिरणीसाठी कायदा का? कायद्यापुढे सगळे समान ना? ४ डिसेंबर १९५० रोजी निकाल लागला. तीन न्यायमूर्तींनी कायदा राखला. एकाच कंपनीची परिस्थिती खरोखर वेगळी असेल तर तिच्यापुरता कायदा करता येतो, आणि तो भेदभावाचा आहे हे दाखवण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर आहे, असे त्यांचे म्हणणे. पतंजली शास्त्री आणि सुधी रंजन दास हे दोन न्यायमूर्ती मात्र वेगळे गेले. एकाला निवडून बाजूला काढायचे आणि मग तो वेगळाच आहे म्हणायचे, हे त्यांना पटले नाही. समानतेच्या कलमाचा अर्थ लावताना वकील आजही या निकालापासून सुरुवात करतात, आणि त्यातली गिरणी आमच्या जिल्ह्यातली.

गोष्ट इथे संपली नाही. सरकारने नेमलेल्या संचालकांनी प्राधान्य भागधारकांकडे दर भागामागे आणखी ५० रुपये मागितले. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने पैसे भरायला नकार दिला आणि दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. सर्वोच्च न्यायालयात १८ डिसेंबर १९५३ रोजी जिंकला. मोबदला न देता कंपनीचा ताबा घेणे म्हणजे मालमत्ता हिरावणे, आणि तसे करणारा कायदा टिकणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. १९५० मध्ये अल्पमतात राहिलेले शास्त्री तोवर सरन्यायाधीश झाले होते. ज्या सरकारला नुकताच स्वातंत्र्यलढ्याचा मान मिळालेला, ज्याचे संसदेत प्रचंड बहुमत, त्या सरकारला एका भागधारकाच्या दाव्यावर न्यायालयाने थांबवले.

माझे मन कामगारांकडे झुकते हे लपवत नाही. गिरणी चालू राहावी म्हणून सरकारने घेतली होती आणि भुकेने बसलेल्या माणसाला कलम ३१ मधला मोबदला खाता येत नाही. म्हणून त्या निकालानंतर जे झाले ते मला निकालाइतकेच मोलाचे वाटते. सरकारने न्यायालयाचा हुकूम धाब्यावर बसवला नाही. १९५५ मध्ये संसदेपुढे चौथी घटनादुरुस्ती मांडली, दोन तृतीयांश मते मिळवली, आणि लोकहितासाठी ठरावीक मुदतीपुरता एखाद्या उद्योगाचा कारभार हाती घेण्याची वाट संविधानातच उघडली. म्हणजे जे काम १९५० मध्ये एका वटहुकमाने झाले होते, त्यासाठी पाच वर्षांनी उघड चर्चा, कारणे आणि खासदारांची मोजलेली मते लागली. दुरुस्ती योग्य होती का, यावर मतभेद असू शकतात. पुढे १९७८ मध्ये मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढलाच गेला. पण सरकारला आपले म्हणणे मुठीतल्या माणसांपुढे नव्हे, मुठीबाहेरच्या दोन संस्थांपुढे मांडावे लागले, हे कुणी नाकारू शकत नाही. व्हाइसरॉयला १९३० मध्ये असे काही करावे लागले नव्हते.

न्यायालये नेहमीच अशी उभी राहतात असे मात्र नाही. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी सांगितले की स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयात येण्याचा हक्कच उरलेला नाही. त्या चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूडही होते. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले. त्यांनी राजीनामा दिला. रामशास्त्र्यांशी इथे साम्य आहे, पण फरक त्याहून मोठा आहे. खन्नांचे मत निकालपत्राचा भाग म्हणून छापले गेले, कायद्याच्या वर्गात शिकवले गेले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा हक्क स्थगित करता येणार नाही असे ठरले. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला. ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. संस्थेला स्मरणशक्ती असते. आज हरलेले मत ती जपून ठेवते आणि चाळीस वर्षांनी कायदा म्हणून समोर आणते. त्या चाळीस वर्षांची किंमत मात्र तुरुंगात बसलेल्यांना आधीच मोजावी लागलेली असते.

आतापर्यंत मी सरकार म्हणजे वरचे सरकार असेच बोललो. डॉ. आंबेडकरांनी हा विषय दुसऱ्या टोकाने धरला होता. १९२४ मध्ये बार्शीला भरलेल्या बहिष्कृतांच्या परिषदेला ते आले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याला राज्याचा पाया मानायला साफ नकार दिला, आणि व्यक्ती हा पाया मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. अनेकांना ते आजही लागते. पण ज्याला गावच्या आडावर पाणी भरू दिले जात नव्हते, त्याच्यावर सत्ता गाजवणारा व्हाइसरॉय दूर होता आणि पाटील जवळ. म्हणून संविधानाने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ फक्त सरकारला बांधत नाही, गावालाही बांधते. गावाच्या सत्तेला मर्यादा घालण्याचे काम अपुरे ठेवून दिल्लीच्या सत्तेला मर्यादा घातली, तर वाड्यावस्तीवरच्या माणसाला त्यातून फारसे काही मिळत नाही.

तरीही गावाच्या कारभाराला विचारणारे कुणी असावे यासाठी एक चांगली सोय कायद्याने केली: ग्रामसभा. १९५८ च्या कायद्याप्रमाणे वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि तिथे कुणीही मतदार उठून सरपंचाला खर्चाचा हिशेब विचारू शकतो. बऱ्याच गावांत या सभा रजिस्टरवर सह्या घेऊन उरकतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सह्यांसाठी का होईना, रजिस्टर उघडावे लागते. वैरागला आता ग्रामपंचायत नाही, नगरपंचायत आहे. शहर झाल्याचा आनंद झाला, निधी वाढला, प्रभाग पडले. त्यासोबत ग्रामसभा गेली, कारण ती ग्रामपंचायत कायद्याची आहे, नगरपंचायतीला लागू नाही. गावाने हक्काची एक जागा गमावली आणि तिच्यासाठी कुणी हळहळल्याचे मी ऐकले नाही. आता खर्चाचा कागद हवा तर माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवसांची वाट. पहिले अपील त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाते, म्हणजे माझ्या कसोटीवर अर्धेच उतरते. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे, तिथे खरे बाहेरचे कान भेटतात. हा कायदा महाराष्ट्रात अण्णा हजारे आणि असंख्य अनाम कार्यकर्त्यांनी रस्त्यावर बसून मिळवला आहे, हे अर्ज करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

याहून गंभीर गोष्ट गेल्या काही वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत झाली. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, असे ठरवले. मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. सोलापूर महानगरपालिकेची आणि जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, प्रभागरचना, कोर्टकचेऱ्या यांत निवडणूक अडकली आणि प्रशासक आले. एक वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की चार महिन्यांत निवडणुका घ्या. आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि तो सोडवणे आवश्यक होते, यात शंका नाही. पण एवढा काळ लाखो लोकांच्या पाण्याचा, रस्त्यांचा, शाळांचा कारभार अशा माणसाच्या हाती राहिला ज्याला राज्य सरकारने नेमले, जो राज्य सरकारलाच उत्तर देतो आणि ज्याची बदली राज्य सरकार एका ओळीने करू शकते. काही जण म्हणतात, प्रशासकाच्या काळात कामे भराभर झाली, नगरसेवकांची भांडणे नव्हती. झालीही असतील. ती भांडणे म्हणजेच विचारपूस होती. सभागृहात आरडाओरडा करून का होईना, टँकर कुणाच्या गल्लीत गेला हे नगरसेवक विचारत असे, आणि पुन्हा मत मागायला त्याला त्याच गल्लीत यावे लागे. प्रशासकाला यावे लागत नाही. इंग्रजी अंमलातल्या १९३० च्या नगरपालिकेने निदान स्वतःच्या इमारतीवर झेंडा लावण्याचा ठराव केला होता. निवडलेले सभागृहच नसेल तर ठराव कोण करणार?

या तक्रारी करताना माझ्या मनात निराशा नाही. निराश माणूस दावा लावत नाही, आणि या पुस्तकातली बहुतेक माणसे दावा लावणारी, अर्ज करणारी, टोपी न काढणारी आहेत. चरणजितलाल हरले, द्वारकादास जिंकले, खन्ना डावलले गेले, चौघे फासावर गेले. त्यांच्यात समान धागा शोधायचा तर तो हाच, की त्यांनी सत्तेला कारण विचारले. फरक पडला तो विचारताना त्यांच्या पाठीशी कोणती संस्था होती याने. म्हणून पुढची प्रकरणे थोर माणसांच्या क्रमाने लावलेली नाहीत, संस्थांच्या क्रमाने लावली आहेत: दंडाधिकारी, उच्च न्यायालय, विधिमंडळ, महालेखापाल, निवडणूक आयोग, माहिती आयोग, स्थानिक संस्था. प्रत्येकीला ती वरची कसोटी लावली आहे: तिला नेमतो कोण, काढतो कोण, पैसा देतो कोण. काही ठिकाणी उत्तर अस्वस्थ करणारे आहे आणि मी ते सौम्य केलेले नाही.

पहिले प्रकरण मात्र हक्कांपासून सुरू होत नाही. ते कलम १२ पासून सुरू होते. मूलभूत हक्क ‘राज्या’विरुद्ध मिळतात, तेव्हा राज्य म्हणजे नेमके कोण हे त्या कलमात सांगितले आहे. त्यात संसद आहे, केंद्र सरकार आहे, विधिमंडळ आहे, राज्य सरकार आहे, आणि स्थानिक प्राधिकरणेही आहेत. वैरागची नगरपंचायत त्यात येते. पोलीस ठाणे येते. बार्शीचे तहसील कार्यालय येते. सातबाऱ्यावर नोंद करणारा तलाठी त्याच राज्याच्या वतीने बसलेला असतो. ही यादी आधी सावकाश वाचावी, आपले कुठले काम कुणाकडे अडले आहे ते त्यापुढे पेन्सिलीने लिहावे, आणि मग दुसऱ्या प्रकरणाकडे वळावे.